देखभाल करणाऱ्याचे म्हणणे

"मॅडम, साखर एक चमचा की दोन?" फौजीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं आणि त्याची बायको, म्हणजे बाई, खुर्चीतून अर्धवट उठल्या.

सहा वर्षं त्या नवऱ्याला शक्यतो गॅसपाशी उभं राहू देत नसत. आणि आज, नेमका आजच, तो कपबशीचा आवाजही न करता चहा घेऊन दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, सरळ भांग, ताठ पाठ.

"एकच," तपासणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या आणि मांडीवरच्या फॉर्मवर त्यांनी एक खूण केली. 'चहा स्वतः करता येतो का?' या प्रश्नापुढे. बाईंनी ते समोरून उलटं वाचलं. बालवाडीत अकरा वर्षं शिकवून मुलांच्या पाट्या उलट्या वाचायची त्यांना सवयच झाली होती. अजूनही सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणे.

सहा वर्षांपूर्वी सैन्यात असताना झालेल्या स्फोटात फौजीचे हातपाय शाबूत राहिले, तिथेच घोळ झाला. जुन्या कायद्यात भरपाईचा एक तक्ता होता. बोट गेलं तर इतकं, डोळा गेला तर इतकं. डोक्याच्या आत जे हललं होतं, त्याला तक्त्यात रकानाच नव्हता. आता कायदा बदलला होता. डोक्याची इजाही धरायची, अशा माणसाला आठवड्यातून तीन दिवस पुनर्वसन केंद्रात न्यायचं आणि संध्याकाळी घरी आणायचं, असं ठरलं होतं. त्याआधी फक्त घरी येऊन चाळीस प्रश्न विचारायचे. उत्तरं चुकली तर केंद्रात जागा, बरोबर आली तर नाही. अशी परीक्षा बाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

जागा मिळाली तर ते तीन दिवस त्यांना बालवाडीत जाता येणार होतं. मोठ्या बाईंनी त्यांच्यासाठी एक वर्ग महिनाअखेरपर्यंत धरून ठेवला होता. सहा वर्षांत त्या एकट्या बाहेर पडल्या त्या दुकानापर्यंत, तेही दाराला बाहेरून कडी घालून, आणि धावत परत.

"आज वार कोणता, सर?"

"मंगळवार."

"घरचा पत्ता?"

फौजीने डावी मूठ किंचित उघडली, मिटली आणि पत्ता घडाघडा सांगितला. तळव्यावरची निळी शाई बाईंना दिसली. सकाळपासून सात वेळा वार का विचारत होता, तेही उमगलं. कॉपी करणारं पोर त्यांच्या नजरेतून कधी सुटत नसे. पण चारचौघांत त्या त्याला बोलत नसत. वर्ग सुटला की जवळ घेऊन विचारत. इथे वर्ग सुटल्यावर विचारून काय उपयोग होता?

"एकटे बाहेर जाता?"

"जातो की."

"वाट चुकत नाही?"

"मॅडम, आम्ही धुक्यात डोंगर उतरलेली माणसं. कोपऱ्यावरचं दुकान चुकेन होय?"

मॅडम हसल्या. बाईही हसल्या. किती दिवसांनी तो काहीतरी गमतीचं बोलला होता!

"ताई, तुम्हाला काही सांगायचंय?"

फौजीने बाईंकडे पाहिलं. साहेबांसमोर आपली तक्रार होतेय की काय, अशी ती नजर होती.

"नाही," बाई म्हणाल्या.

पण जिन्याच्या वळणावर त्यांनी मॅडमना गाठलं. "हे असे नसतात हो. तपासणी म्हटली की अंगात येतं त्यांच्या. गेल्या महिन्यात दूध जळून पातेलं काळं झालं आणि हे शेजारीच उभे!"

"मला कळतं, ताई. निम्म्या घरांत हेच बघते. शर्ट कडक, चहा गरम. कायदा करणाऱ्यांना हे कोण सांगणार? पण मी डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं, असा नियम आहे." त्यांनी शेवटचं पान काढून दिलं. वर छापलं होतं, 'देखभाल करणाऱ्याचे म्हणणे'. खाली तीन ओळींची जागा. "इथे लिहा. पण त्यांनी वाचून, मान्य करून सही करायला हवी. मी दहा मिनिटं गाडीत थांबते. हे नाही झालं तर फेरतपासणी तीन वर्षांनी."

बाईंनी भिंतीला कागद टेकवून लिहिलं: 'यांना एकटं ठेवता येत नाही. गॅस सुरू ठेवून विसरतात. दोनदा वाट चुकले, लोकांनी आणून सोडलं.'

फौजी खुर्चीत कोसळल्यासारखा बसला होता. 

"पास झालो ना?"

"झालात. एक सही राहिलीय."

त्याने पेन घेतलं. "कुठे करू?"

बोट ठेवलं असतं तिथे त्याने सही केली असती. बाईंनी क्षणभर तसं बोट ठेवलंही. मग उचललं.

"आधी वाचा."

त्याने शब्दाशब्दाखाली बोट फिरवत वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे माझ्याबद्दल आहे?"

"हो."

"मग मला सांगायचं नाही का? नवऱ्यापासून लपवून ठेवतेस?"

"सांगते हो," बाई हळूच म्हणाल्या. "दर वेळी सांगते."

त्याने पुन्हा पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. खाली हॉर्न वाजला.

"'आणून सोडलं' काय? मी काय सामान आहे? 'घरी पोचवलं' लिही."

बाईंनी खोडून तसं लिहिलं. त्याने सही केली, सहीपुढे आपला सैन्यातला नंबर घातला, एकही आकडा न चुकता. मग कागद बाईंच्या हातात न देता तो उठला.

"सही माझी आहे. मीच देऊन येतो."

बाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. कठड्याला धरून तो एकेक पायरी उतरू लागला. त्या दोन पायऱ्या मागे राहून उतरत होत्या. आपल्या पावलांचा आवाज त्याच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यांनी चपला वरच ठेवल्या होत्या.