दुसऱ्या शिळेवरचं चित्र

निवडणूक मंगळवारी आणि अंक गुरुवारी बाजारात. निकाल लागल्यावर रंगीत चित्र छपाईच्या दगडी शिळेवर काढायला वेळच उरत नाही. म्हणून न्यूयॉर्कच्या त्या साप्ताहिकात दोन शिळा आधीच तयार ठेवत. हा जिंकला तर ही, तो जिंकला तर ती. उरलेली घासून कोरी करायची.

आंतोन क्रॉयडर बावीस वर्षं तिथे व्यंगचित्रं काढायची ही हमाली करत होता. कुणाच्या पोटावर 'लाच' लिही, कुणाच्या टोपीवर 'मक्तेदारी'. लिहिलं नाही तर वाचकाला ओ की ठो कळत नाही, असं संपादक स्ट्राउड यांचं ठाम मत. आंतोनने ज्यांना ज्यांना डुकराचं तोंड दिलं, ते सगळे पुन्हा निवडून आले. एकाने तर मूळ चित्र मागवून दिवाणखान्यात लावलं, बोला! आता खडू उचलायचा म्हटलं तरी त्याच्या जिवावर यायचं.

त्यात या खेपेला नगरसेवकपदाला उभा होता लेओपोल्ड. शाळामास्तर, जर्मनीहून एकाच बोटीने आलेला त्याचा जिवाभावाचा मित्र. समोर गुत्तेवाला डूलन.

"मास्तर जिंकला तर जयजयकार, हरला तर फजिती," स्ट्राउड म्हणाले. "आपण जिंकणाऱ्याच्या बाजूचे."

"साहेब, तो माझा मित्र आहे."

"मग उत्तमच. चेहरा हुबेहूब येईल."

आला. निवडणुकीआधीच्या गुरुवारी आंतोनने फजिती काढली. देशाची देवी कोलंबिया मास्तरला झाडूने पायऱ्यांवरून खाली लोटतेय, पुस्तकं उधळलीत, कोटाच्या पाठीवर 'उपदेश'. शुक्रवारी दुसरी शिळा पुढ्यात घेतली आणि तो नुसता बसून राहिला. डूलन गल्लोगल्ली फुकट बियर पाजत होता, विधवांच्या घरी कोळसा पोचवत होता. मास्तर भाषणं देत होता. कशाला उगीच हात दुखवायचे? त्याने कोऱ्या शिळेवर फडकं टाकलं. शनिवारी स्ट्राउडनी विचारलं तेव्हा "झालंय" म्हणाला. मास्तर जिंकला असता तर नोकरीच गेली असती.

नाही जिंकला. नऊशे मतांनी पडला.

गुरुवारी लेओपोल्ड अंक घेऊनच छापखान्यात आला. आंतोनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कधी काढलंस रे हे?"

"गेल्या गुरुवारी."

"मी तेव्हा मेणबत्ती कारखान्यापुढे घसा फोडत होतो." लेओपोल्ड हसला, पण ते काही खरं हसू नव्हतं. "जाऊ दे. तुमची रीत मला ठाऊक आहे. दुसरं दाखव. मी जिंकलेलं."

"ते... घासलं. कालच."

"अरेरे! निदान सांग तरी, काय होतं त्यात?"

"कोलंबिया तुझा हात धरून तुला पायऱ्या चढवतेय. डूलन बियरच्या पिंपात उलटा पडलाय, बाहेर नुसते पाय."

"आणि माझ्या कोटावर काय लिहिलं होतंस?"

"काही नाही. तुझ्यावर काही लिहायची गरज नव्हती."

लेओपोल्डचे डोळे भरून आले. त्याने आंतोनचे दोन्ही हात घट्ट धरले.

"म्हणजे तुला तरी वाटलं होतं, मी निवडून येईन," तो म्हणाला. "मला स्वतःलाच वाटेनासं झालं होतं रे."