माफीची चटई

आउकुसोला पहिली नोकरी लागली ती मावशीच्या बसवर. मावशीच्या हाताखाली नोकरी करणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच विचारा. माकेरिता मावशी अंगानं दांडगी आणि आवाजानं त्याहून दांडगी. फालेनिऊ गावातून बेटावरच्या मोठ्या शहराच्या, आपियाच्या, बाजाराला जाणारी लाकडी बाकांची पिवळी बस तिच्या मालकीची. जुना ड्रायव्हर थकून घरी बसला, तेव्हा तिनं भाच्याला बोलावलं आणि किल्ली हातात ठेवण्याआधीच दम भरला.

"हे बघ, शेजारच्या गावची निळी बस रोज आपल्या आधी आपियात पोचते नि माणसं तिकडं वळतात. का? तर आमचा ड्रायव्हर पडला देवमाणूस! ह्याची केळी, त्याची कोंबडी, सगळ्यांसाठी थांबत बसायचा. तू थांबलास की संपलंच. शनिवारपर्यंत बघते. नाही जमलं तर सरळ विमानात बसवीन. ऑकलंडला मामा आहेच, मटणाच्या कारखान्यात चिकटवील तुला."

 गावातली निम्मी पोरं ऑकलंडला जायला एका पायावर तयार असायची. आउकुसो मात्र जगावेगळा. त्याला इथंच राहायचं होतं. चर्चमधल्या गाण्यात खालच्या पट्टीतला आवाज त्याचा होता, संध्याकाळी समुद्रात डुंबायला मित्र होते, आणि मुख्य म्हणजे ही बस होती. लहानपणापासून तिच्या प्रत्येक वळणावर त्यानं मनातल्या मनात स्टिअरिंग फिरवलं होतं. लाज वाटावी इतकं त्याचं त्या बसवर प्रेम होतं.

सोमवार-मंगळवार झकास गेले. गाणी मोठ्यानं लावलेली, बाकं भरल्यावर लोक नेहमीसारखे एकमेकांच्या मांडीवर बसलेले, आणि निळी बस आरशात मागं मागं पडत चाललेली. आउकुसोला वाटलं, जमलं बुवा आपल्याला.

बुधवारी आकेनेसे आजीच्या घरासमोर गाडी उभी राहिली. आकेनेसे म्हणजे गावातली सगळ्यात वडीलधारी बाई. पहिलं बाक तिचं; ती नसली तरी तिथं कुणी बसत नसे. ती सावकाश रस्त्यापर्यंत आली, वर चढायला दांडीला हात घातला आणि म्हणाली, "अगं बाई, अळूची पानं राहिलीच की! थांब रे, आलेच." आणि पुन्हा आत गेली.

आउकुसो थांबला. खरंच थांबला, खोटं कशाला बोलायचं? पण आजी पानं घ्यायला गेली ती कोंबड्यांना हाकलत बसली, मग कुणाला तरी हाका मारत बसली, आणि तेवढ्यात निळी बस भोंगा वाजवत बाजूनं निघून गेली. झालं! त्याच्या डोळ्यांपुढं मामाचा कारखाना उभा राहिला. त्यानं गिअर टाकला. आजी टोपली घेऊन रस्त्यावर येताना त्याला आरशात दिसली. तिनं हात वर केला. गाडी काही थांबली नाही.

 मागच्या बाकावर तीनो बसला होता, गावचा सगळ्यात टारगट माणूस. तोसुद्धा म्हणाला, "आउकुसो, ते गाणं बंद कर बाबा. बरं दिसत नाही."

गुरुवारी सकाळी पिवळी बस गावातून निघाली. लोक रस्त्याकडेला टोपल्या घेऊन उभे होते, पण गाडी जवळ आली की सगळे समुद्राकडं तोंड करून उभे राहायचे, जणू देवमासा दिसतोय. कुणी बोललं नाही, भांडलं नाही. मागून निळी बस आली आणि सगळे तिच्यात चढले. आउकुसो रिकामी बाकं घेऊन आपियाला गेला आणि रिकामी बाकं घेऊन परत आला.

"शाबास!" मावशी म्हणाली. "वेळेवर पोचलास. नेलंस कुणाला? माश्यांना? शनिवारी कपडे भरून तयार राहा."

त्या दिवशी तो जेवला नाही. ऑकलंडची भीती होतीच, पण त्याहून जास्त टोचत होता तो आरशातला हात. त्याला आई नव्हती. शाळेच्या पहिल्या दिवशी तो बसमध्ये भोकाड पसरून बसला, तेव्हा त्याला मांडीवर ओढून घेणारी आकेनेसेच होती. पुढं वर्षभर तो त्याच मांडीवर बसून शाळेत गेला. आणि तिलाच रस्त्यावर टाकून आपण निघून गेलो! त्याला स्वतःची शिसारी आली.

गावात माफी मागायची मोठी रीत आहे, इफोगा म्हणतात तिला. अपराध्याच्या घरची माणसं पहाटे ज्याचा अपराध केला त्याच्या दारात जातात आणि बारीक विणीची मोलाची चटई डोक्यावरून पांघरून खाली मान घालून बसतात. आतल्या माणसानं बाहेर येऊन चटई उचलली की माफी मिळाली. नाही उचलली तर बसा. पण ही रीत खुनासारख्या अपराधाला, बायकापोरांच्या अब्रूच्या मामल्याला! आणि पुढं घरातला मुखिया लागतो, मागं भावकी लागते. बस चुकवल्याबद्दल एकट्या ड्रायव्हरनं इफोगा केल्याचं कुणाच्या बापजन्मी ऐकिवात नव्हतं. कुणाला विचारलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. म्हणून त्यानं कुणाला विचारलंच नाही.

शुक्रवारी उजाडताना मावशी चूल पेटवायला गेली आणि ह्यानं तिनं गादीखाली जपून ठेवलेली मोलाची चटई ओढून काढली. बस आजीच्या घरासमोर लावली आणि खडीवर गुडघे टेकून चटई डोक्यावर घेतली.

आजीचं घर आपल्या गावातल्या सगळ्यांसारखंच, नुसते खांब आणि वर छप्पर. ती आत बसून कोको पीत होती. तिनं पाहिलं. कप खाली ठेवला नाही.

चटईखाली आउकुसोला फक्त खडी दिसत होती, स्वतःचे गुडघे दिसत होते, आणि एक कोंबडा येऊन त्याच्या लुंगीचं टोक टोचत होता. मग पावलं वाजायला लागली.

"अरे देवा! गाडीखाली कोण आलं?" हा तीनोचा आवाज.

"कोण गेलं? कोण गेलं?" एका बाईनं तर रडायचा सूर लावलासुद्धा.

"कोणी गेलं नाही," चटईखालून आउकुसो म्हणाला. "मी आजीला सोडून गेलो होतो."

सगळं गाव खो खो हसायला लागलं. "बस चुकली म्हणून इफोगा! उद्या माझ्या पायावर पाय पडला तर डुक्कर कापशील का रे?" तीनो ओरडला.

तेवढ्यात मावशी धावत आली. "माझी चटई! मेल्या, माझी चटई खडीवर घेऊन बसलास?" पण तिला पुढं होता येईना. डोक्यावर घेतलेल्या चटईला आजीशिवाय कुणी हात लावायचा नसतो.

आजीनं कोको संपवला. कप धुतला. पुन्हा ओतून घेतला. ऊन वर आलं, आउकुसोच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या. हसणारे हळूहळू हसायचे थांबले. पोरगं काही उठत नव्हतं.

शेवटी आजीची पावलं अगदी जवळ येऊन थांबली. चटईचं टोक कुणीतरी चिमटीत धरलं, कडेवरून बोटं फिरली.

"ही वीण..." आजी पुटपुटली आणि चटई वर उचलून तिनं उजेडात धरली.

"उचलली! माफ केलं!" गावानं टाळ्या पिटल्या.

"कुणी माफ केलं?" आजी खेकसली. "डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून उजेडात धरून वीण बघतेय! हो खाली, मूर्खा." आणि तिनं चटई परत त्याच्या डोक्यावर टाकली.

"आता नाही चालत, आजी," तीनोनं चटई काढून घेतली. "उचलली म्हणजे उचलली. उद्या रीत कोण पाळणार मग?"

 आजी मावशीकडं वळली. "ही मी विणलेली. तुझ्या लग्नात दिली होती. मला वाटलं, तू केव्हाच कुणाच्या तरी मयताला देऊन टाकली असशील. सगळेच देतात."

"द्यायला हात नाही झाला," मावशी खाली बघत म्हणाली. माकेरिता मावशी आणि खाली बघते! लोक एकमेकांकडं बघायला लागले.

आजी आउकुसोसमोर उकिडवी बसली. "का गेलास रे मला टाकून?"

"शनिवारी मला ऑकलंडला पाठवणार आहेत. मला नाही जायचं, आजी. मला इथंच राहायचंय. पण म्हणून तुला... मी चुकलो."

आजीनं त्याच्या गुडघ्यात रुतलेला खडा काढला. "काल मी निळ्या बसमध्ये चढले नाही," ती म्हणाली. "अख्खं गाव चढलं. मी घरी बसले. त्या ड्रायव्हरला मी ओळखत नाही. माझा ड्रायव्हर हा. माकेरिता, ह्याला विमानात घातलंस तर मला बाजाराला तू खांद्यावर नेणार आहेस का?"

"कसलं विमान?" मावशीनं पदरासारखं लुंगीचं टोक तोंडाला लावलं. तिचा आवाज चक्क बारीक झाला होता. "तिकीट काढलंय कुणी? भावाला मी फोनसुद्धा केलेला नाही. ह्याच्याशिवाय मला तरी कोण आहे?"

आउकुसोला आधी हसू आलं आणि मग जे रडू फुटलं ते आवरेचना. एवढा मोठा गडी, भर रस्त्यात खडीवर बसून हमसून हमसून रडायला लागला. मावशीनं त्याची पाठ थोपटली, मग दरडावलं, मग पुन्हा थोपटली. त्याचं आपलं चालूच.

आकेनेसे दांडी धरून बसमध्ये चढली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. तिच्यामागून सगळं गाव चढलं. बाकं भरली, मांड्या भरल्या. निळी बस भोंगा वाजवत बाजूनं निघून गेली, तिच्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ड्रायव्हरचं रडणं संपेपर्यंत सगळे थांबले होते.