शिवणीचं पाऊल

मांजलपूरच्या चारुलताबाईंनी पंचवीस वर्षं पायाच्या मशीनवर ब्लाउज शिवले. आता रेकॉर्डिंग ऐकून मजकूर टाइप करायचं काम त्यांना हवं होतं, पण पहिल्या चाचणीत त्या अडल्या. आवाज थांबवायला बोटं माउसकडे धावत, आणि तेवढ्यात बोलणारा पुढे निघून जाई. उद्या दुसरी चाचणी, तीच शेवटची.

म्हणून त्या सुनेला, आकांक्षाला, घेऊन दुकानात आल्या. गुजराती दुकानदाराने लाल-निळे दिवे लुकलुकणारा हेडफोन पुढे केला. "मासी, बेस एकदम जोरदार छे!"

"मला गरबा नाही खेळायचा भाऊ, शब्द ऐकायचेत." पहिल्या चाचणीचंच रेकॉर्डिंग लावून त्यांनी एकेक हेडफोन पारखला आणि एक साधा, हलका बाजूला काढला. त्यात रेकॉर्डिंगमधल्या म्हाताऱ्याचं धापा टाकत बोलणंही स्वच्छ येत होतं.

मग त्यांना कोपऱ्यात एक काळं पायडल दिसलं. "आणि हे?"

"ए कोई लेतुं नथी, मासी." पायाने रेकॉर्डिंग चालवायचं आणि थांबवायचं, पण लोकांचे पाय गोंधळत, म्हणून ते कुणी घेत नसे.

"आई, राहू द्या," आकांक्षा कुजबुजली.

बाईंनी ते दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडायला लावलं, कीबोर्डवर हात ठेवले आणि चप्पल काढली. पाऊल टेकलं आणि माहेरी आल्यासारखं रमलं. दाबलं की बोलणं चाले, उचललं की थांबे. शिवणीच्या टोकाला उठायचं, तसंच ते वाक्याच्या टोकाला अलगद उठत होतं. हात कीबोर्डवरून हललेच नाहीत.

पान भरलं. आकांक्षाने आवाजाशी ताडून पाहिलं, तर एकही शब्द सुटला नव्हता. "आई!" ती दुकानातच ओरडली.

"दोन्ही बांधा भाऊ," बाई म्हणाल्या. "आणि चाचणी उद्या कशाला? आजच घ्या म्हणावं!"