कॅल्क्युलेटरचा प्लग

उलटे वाळत ठेवलेले बूट. शेगडीवर कोबीचं सूप. राखदाणीत जळालेला कागद. खिडकीपाशी प्लगला जोडलेला कॅल्क्युलेटर.

दुकानात मिळणाऱ्या याच यंत्रावर सैन्य गुप्त संदेश उलगडतं, अशी रशियात बैकाल सरोवरापलीकडच्या त्या छावणीत अफवा होती. कॅप्टन आर्सेनी लुझिन त्यावर हसून विषय बदलायचा. आज मात्र त्याच्या यंत्रात आजच्या युद्धसरावाची किल्ली, म्हणजे संदेश उलगडायचे गुप्त आकडे, खरोखरच भरलेली होती. छावणीत वीज सारखी जायची, म्हणून त्यानं ते चोरून घरी आणलं होतं. किल्ली लिहिलेला कागद नियमाप्रमाणे जाळला होता. बॅटरी मेलेली, नवी मिळेपर्यंत प्लग निघाला की किल्ली पुसली जाणार, आणि किल्ली गेली की लष्करी कोर्ट.

"निघण्याआधी क्षणभर टेका, जावईबापू. उभ्याउभ्या घर सोडू नये," सासूबाई पेलगेया म्हणाल्या.

तो बसला. त्याही बसल्या, मग हात झटकत म्हणाल्या, "सगळे प्लग काढलेत हो मी. इस्त्रीचा, दिव्याचा, तुमच्या त्या खेळण्याचाही. शेजाऱ्यांचं घर जळालं तरी तुम्हाला अक्कल येत नाही!"

तो धावला. प्लग लावला. पडद्यावर एकटं शून्य उमटलं.

"चालतंय की! मोडलं काय त्यात?"

खरं सांगायची त्याला बंदी होती.

"काही नाही, आई," तो म्हणाला आणि ओले बूट चढवले.

कचेरीत त्यानं स्वतःहून सगळं सांगितलं. त्याला तिथंच अटक झाली.

सराव पहाटेच रद्द झाला होता.