धनीबाईच्या मांडीखालचे कासरे

उद्याच्या दारव्ह्याच्या बाजारासाठी देवसिंगनं वैशाखातल्या भर दुपारी गाडीत चिंच भरली आणि पाहतो तर बैलांचे कासरे गायब. त्याची म्हातारी आई धनीबाई ते मांडीखाली दाबून उकडलेल्या कैऱ्यांचं पन्हं कालवत बसली होती.

"याडी, कासरे दे. उशीर झाला तं बाजारात चांगली जागा जाते."

"ऊन उतरू दे. रातच्यानं जा, सकाळी पोचशीन."

देवसिंग चिडला. "आपण तांड्याचे लोक. माह्या आज्यानं बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, अन् मी उन्हाले भेऊ?"

"तुया आजा पहाटे निघे," पन्ह्याचा गडवा त्याच्यापुढे आदळत ती म्हणाली. "ऊन चढलं का बैल सोडून झाडाखाली निजे. भर दुपारी तांडा कधीच चालला नाई. एकच माणूस चालला. त्यालेबी बाजाराची घाई होती."

"कोण?"

"तुया बाप."

बाप रस्त्यात वारला, एवढंच देवसिंगला आजवर ठाऊक होतं. तो खाली बसला आणि त्यानं गडवा तोंडाला लावला.

ऊन उतरेपर्यंत धनीबाई मात्र कासऱ्यांवरून उठली नाही.