बुडणारा ओरडत नाही

आमच्या तरणतलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणतात. मी तिथला व्यवस्थापक, म्हणजे कागदोपत्री त्यांचा साहेब. प्रत्यक्षात त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नाही, आणि मीही कधी तसा हट्ट धरला नाही.

दर महिन्याला त्या एखाद्या शाळेत, कारखान्यात जाऊन पाण्याजवळ कसं वागावं, कुणी बुडत असेल तर काय करावं, हे शिकवून येत. एकदा कालव्याकाठच्या मोठ्या लाँड्रीत गेल्या. तासभर जीव तोडून बोलल्या. टाळ्या पडल्या. निघताना इस्त्री करणाऱ्या एका बाईंनी त्यांची बाही धरली. त्या बाईंनी आपल्या कानाला बोट लावून मान हलवली, खिडकीतून दिसणाऱ्या कालव्याकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात पसरले. माझं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तरीणबाई माझ्या टेबलासमोर उभ्या.

"रोज कालव्याच्या काठानं घरी जाते ती बाई. आणि माझ्या तासाभराच्या बडबडीतलं तिच्या पदरात काहीसुद्धा पडलं नाही."

"मग काय, प्रत्येकासाठी वेगळा वर्ग काढणार?" मी म्हणालो.

"लागला तर काढायचा."

इस्त्रीवाल्या बाईंच्या धाकट्या बहिणीला ऐकू येतं. तिला मधे घेऊन मास्तरीणबाई खुणांची भाषा शिकू लागल्या. वाचनालयामागच्या खोलीत दर रविवारी ऐकू न येणारी दहा-अकरा माणसं गप्पा मारायला जमत, तिथे त्या चार महिने न चुकता गेल्या. वय चोपन्न, बोटं आखडलेली. एकदा त्यांनी काहीतरी खुणावलं आणि अख्खी खोली पोट धरून हसायला लागली. बहिणीनं सांगितलं, "मास्तरीणबाई, तुम्ही 'दोर फेका'च्या ऐवजी 'नवरा फेका' म्हणालात."

"असू दे," त्या म्हणाल्या, "माझा तरंगतो."

मग त्यांनी या मंडळींसाठी तलावावर वेळ मागितला. मी चक्क नाही म्हणालो. "शिट्टी ऐकू येत नाही त्यांना. काही झालं तर माझी मान अडकेल."

त्या वाद घालत बसल्या नाहीत. वायरमनला बोलावून त्यांनी तलावावरच्या सगळ्या दिव्यांना एकच बटण करून घेतलं. दिवे तीनदा लुकलुकले की सगळ्यांनी काठ गाठायचा. मग माझ्या हातावर कापसाचे दोन बोळे ठेवून म्हणाल्या, "कानात घाला आणि उतरा त्यांच्याबरोबर." उतरलो. दिवे लुकलुकले. सगळ्यात शेवटी काठाला लागलो तो मी. बाहेर येऊन मी त्यांना शनिवारची वेळ लिहून दिली.

वर्ग सुरू झाला. बुडणाऱ्याला वाचवायला कधीही उडी मारायची नाही, काठी पुढे करायची, दोर किंवा तरंगणारं काहीतरी फेकायचं, मदत बोलवायची, हा पहिला धडा. पाठीवर तरंगणं नंतर. एकेकाला तळहातावर तोलून धरताना मास्तरीणबाई दुसऱ्या हातानं अखंड बोलत असत. मी खिडकीतून बघायचो. वीस वर्षं नोकरी करून अशी शिकवणी मी पाहिली नव्हती.

एका शनिवारी दुपारी तलाव गच्च भरला होता. नुसता गलका. वर्ग संपला होता, इस्त्रीवाल्या बाई बहिणीशेजारी बाकावर केस पुसत होत्या. मी खोल बाजूला उभा राहून एका सभासदाशी बोलत होतो. समोर पाण्यात आमच्या भागातले पोस्टमन होते, चांगले धिप्पाड गृहस्थ. मला ते दिसत होते. मान मागे टाकून आरामात डुंबताहेत, असंच मला वाटलं.

इस्त्रीवाल्या बाई पळत आल्या. भिंतीवरची लांब काठी उचलून त्या काठावर पालथ्या पडल्या आणि काठी पोस्टमनच्या छातीला टेकवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट पकडली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जीवरक्षक धावला, आम्ही तिघांनी मिळून त्यांना वर ओढलं. पाणी ओकून, खोकून ते हळूहळू सावरले. मी त्यांच्यापासून तीन पावलांवर होतो.

"यांना कसं कळलं?" मी बहिणीला विचारलं.

इस्त्रीवाल्या बाईंनी हातांनी सांगितलं, बहिणीनं बोलून दाखवलं. "ताई म्हणते, ते कुणाकडेच बघत नव्हते. मजा करणारा माणूस कुणाकडे तरी बघतोच."

बुडणारा ओरडत नाही, हे मास्तरीणबाई प्रत्येक वर्गात सांगतात. मी ते शंभरदा ऐकलं होतं. नुसतं ऐकलं होतं.

लाँड्रीतला पुढचा वर्ग इस्त्रीवाल्या बाईंनी घेतला. त्या हातांनी शिकवत होत्या, बहीण शेजारी उभी राहून बोलत होती, आणि ऐकू येणारी साठ माणसं डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत होती. मास्तरीणबाई शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या होत्या. मधे एकदाही उठल्या नाहीत. मी हळूच विचारलं, "काही सुधारायचंय का?"

"गप्प बसा हो," त्या म्हणाल्या, "मी शिकतेय."

आता कालव्याच्या काठी, लाँड्रीच्या मागच्या दाराशी, एका खांबाला लांब दोर गुंडाळलेला असतो आणि त्याच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा. लाँड्रीतल्या लोकांनीच तो लावला. कामावर येताना कुणी ना कुणी गाठ ओढून बघतं आणि आत जातं.