तेरेखोलच्या खडकातला नारिंगी डबा

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा डबा आहे. पाच लिटरचा, प्लास्टिकचा, नारिंगी. तेरेखोलच्या किल्ल्याखाली दोन खडकांच्या फटीत मी अडकून पडलो आहे. अंगाला कालवे चिकटू लागली आहेत. हलता येत नाही.

माझ्यातले तेल केरी गावच्या कमलाक्षीच्या स्वयंपाकघरात संपले. तिचा नवरा विठू पाण्याखाली जाऊन भाल्याने मासे मारायचा आणि ते कंबरेला बांधून तसाच पुढे पोहायचा. एक दिवस तिने माझे झाकण घट्ट लावले, मला रंग दिला आणि वीस हात दोरी बांधली.

“मासळी हेका बांधायची, कमराक न्हय,” ती म्हणाली. “रगताच्या वासान मोरी येता. ती मासळेकडे जांव दी, तुज्याकडे नको.”

मोरी म्हणजे शार्क.

“म्हणजे माज्या मागसून तुजो शिपाय!” विठू हसला.

दोरीचे दुसरे टोक ती स्वतः त्याच्या कंबरेला बांधायची. गाठ अशी, की एका ओढीत सुटावी. गढूळ पाण्यात उतरायचे नाही, एकट्याने जायचे नाही, हेही तिनेच ठरवले. शेजारचा मधुकर कायम सोबत असायचा.

सात वर्षे मी विठूच्या मागे तरंगलो. माझ्याखाली तांबोशी, गोबरे असे मासे लोंबायचे. एकदा मोरीने दोन मासे तोडून नेले. विठूने तिला पाठ दाखवली नाही. तिच्याकडे तोंड ठेवून, हातपाय न झाडता, सावकाश मागे सरकत तो खडकावर चढला. त्या दिवशी कमलाक्षीने मला गोड्या पाण्याने धुतले.

गेल्या वर्षी ती तापाने गेली. विठूने मला मागच्या खोलीत कोंडले. आठ महिने मी अंधारात होतो. मग त्याने मला बाहेर काढले आणि दोरी कंबरेला बांधली. एकावर एक तीन गाठी. मी हरवू नये म्हणून.

त्या सकाळी पाणी गढूळ होते.

“आज नको रे,” मधुकर म्हणाला.

विठू ऐकेना. शेवटी मधुकरही आला आणि खडकावर बसून राहिला.

तिसरा मासा माझ्याखाली बांधला आणि मला हिसका बसला. मोरी मोठी होती. तिने मासळीची माळ धरली आणि ओढली. विठू बुडाला, वर आला. त्याने पाठ खडकाला टेकवली, भाल्याचे टोक तिच्याकडे धरले. एका हाताने तो गाठी सोडू लागला. ओल्या दोरीच्या गाठी सुटेनात. सुरी त्याच्या पायाला बांधलेली होती. तिला तो हात लावीना.

“काप ती दोरी! सोड तो डबो!” मधुकर ओरडला.

“ह्यो तिना केल्लो!”

“तू जिवंत रवचो म्हणान केल्लो, बावळ्या! काप!”

दोरी पुन्हा ताणली. विठूने माझ्याकडे पाहिले. मला तोंड असते तर मीही ओरडलो असतो. मग त्याने सुरी काढली.

मोरीने मासे तोडले, मला टाकले. लाटांनी मला या फटीत ठोकून बसवले.

दोन दिवसांनी ओहोटीला विठू आला. खांद्यापर्यंत हात आत घालून त्याने मला धरले. मी निघालो नाही. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत चढले.

“विठू, चल!” मधुकरने वरून हाक मारली.

विठूने थोडा वेळ तसेच धरून ठेवले. मग हात काढून घेतला आणि वर चढला. आता त्याच्या मागे पांढरा डबा तरंगतो. मला इथून दिसतो.

मित्रांनो, मासळी अंगाला बांधू नका. मोरी आलीच, तर मासळी द्या, डबाही द्या. आणि मला काढायला कोणी येऊ नका. या फटीत पाणी फार लवकर चढते.